सही झाल्यानंतरचे दिवस

ग्राहक मार्गदर्शन केंद्रांत येणाऱ्या तक्रारींपैकी सदोष वस्तूंच्या तक्रारी तुलनेने सोप्या असतात, कारण बंद पडलेला मिक्सर टेबलावर ठेवता येतो आणि तो बंद आहे हे कोणालाही दिसते. अवघड असतात त्या तक्रारी, ज्यांत ग्राहकाने करारावर स्वतःच्या हाताने सही केलेली असते, पैसे स्वतःच भरलेले असतात, कोणी धाकदपटशा केलेला नसतो, आणि तरीही पदरात पडले ते सांगितले होते त्याहून निराळे, असे त्याचे म्हणणे असते. ‘हॉलिडे मेंबरशिप’ हा अशा तक्रारींचा नमुनेदार विषय आहे. काही लाख रुपये आगाऊ भरून पुढची पाच, दहा किंवा पंचवीस वर्षे दरवर्षी ठरावीक रात्री रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क मिळवणे, असे या कराराचे स्वरूप असते. हा व्यवसाय बेकायदा नाही आणि वर्षानुवर्षे समाधानाने मेंबरशिप वापरणारी कुटुंबेही आहेत. येथे विचार करायचा आहे तो विक्रीच्या एका विशिष्ट पद्धतीचा, आणि त्या पद्धतीने गळ्यात पडलेला करार मोडून घेण्याच्या कामाचा.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तेव्हा कार्यकर्त्यांच्या पुढ्यात भेसळ, वजनमापे, टंचाई आणि साठेबाजी हे प्रश्न होते. आज त्याच परंपरेत काम करणाऱ्या कार्यकर्त्याचा बराच वेळ बारीक टाइपातले करार वाचण्यात जातो. तराजूतली लबाडी उघड करायला प्रमाणित वजन पुरत असे, बोलण्यातल्या लबाडीला तसे मापच नसल्यामुळे या कामाची पद्धत मुळातूनच निराळी झाली आहे.

विक्रीची तऱ्हा शहर बदलले तरी फारशी बदलत नाही. मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर किंवा एखाद्या प्रदर्शनात ‘लकी ड्रॉ’ची चिठ्ठी भरून घेतली जाते, काही दिवसांनी फोन येतो की तुम्हाला भेटवस्तू लागली आहे, ती घ्यायला रविवारी अमुक हॉटेलच्या सभागृहात या, मात्र नवरा-बायको दोघांनीही येणे आवश्यक आहे. ही अट आदरातिथ्याची नसते. एकटा आलेला माणूस ‘घरी विचारून सांगतो’ असे म्हणून उठू शकतो आणि एवढ्या एका वाक्याने सौदा हातचा जातो; दोघेही समोर असले की ती पळवाट आपोआप बंद होते. सभागृहात मोठ्याने संगीत चालू असते, प्रत्येक टेबलाशी एक विक्रेता बसलेला असतो, आणि एखाद्या टेबलावर व्यवहार झाला की माइकवरून त्या दांपत्याचे नाव पुकारून टाळ्या वाजवल्या जातात. पहिला अर्धा तास विक्रेता काही विकतच नाही. मुले कितवीत आहेत, गेल्या मे महिन्यात कुठे गेला होतात, किती खर्च आला, अशी चौकशी करत तो उत्तरे कोऱ्या कागदावर टिपत जातो, मग त्याच आकड्यांना पंचवीसने गुणून ग्राहकाला त्याचाच भावी खर्च दाखवतो. ग्राहक थोडा कचरला की ‘मॅनेजर’ येतो, किंमत खाली आणतो आणि हा भाव फक्त आजचा, हे टेबल सोडेपर्यंतचा, असे बजावतो. छापील करार पुढे येतो तो कार्ड यंत्रातून फिरून झाल्यावर, आणि सह्या कुठे करायच्या तिथे आधीच पेन्सिलीच्या फुल्या असतात. उठताना विक्रेता आकडेमोडीचा तो कागद घडी घालून स्वतःकडे ठेवतो. संपूर्ण बैठकीत कंपनीच्या माणसाने स्वतःच्या हाताने जे काही लिहिलेले असते ते एवढेच, आणि तेच ग्राहकाच्या हाती लागू नये याची खबरदारी घेतली जाते, यावरून बाकीच्या बैठकीची पारख करता येते.

सह्या झाल्या की टेबल सोडण्यापूर्वीच बहुधा ‘व्हेरिफिकेशन कॉल’ येतो. कंपनीच्या कार्यालयातून कोणी तरी बोलते, संभाषण ध्वनिमुद्रित होत असल्याचे सांगते, आणि ‘तुम्हाला सर्व अटी समजावून सांगितल्या आहेत ना’, ‘कोणतेही तोंडी आश्वासन दिलेले नाही ना’ असे प्रश्न भराभर विचारते. शेजारी बसलेला विक्रेता ‘फक्त हो म्हणा, नाही तर भेट अडकेल’ असे खुणावत असतो. पुढे वाद झाला की कंपनीच्या वकिलाचा पहिला पुरावा हा ‘हो’ असतो. त्यामुळे मार्गदर्शकाने पहिल्याच भेटीत या फोनविषयी विचारावे लागते, कारण ग्राहक तो आपणहून सांगत नाही. त्याच्या लेखी ती एक किरकोळ औपचारिकता असते.

जे सांगितले गेले आणि जे छापले गेले त्यांतले अंतर या प्रकरणांत जवळजवळ ठरलेले असते. सांगितलेले असते की भारतात कुठेही, हवे तेव्हा जा, दरवर्षी वेगळे काही भरावे लागणार नाही, आणि नको झाले तर आम्हीच मेंबरशिप विकून देऊ. करारात मात्र प्रत्येक आरक्षण ‘उपलब्धतेच्या अधीन’ असते, वर्षाचे निरनिराळ्या रंगांच्या हंगामांत तुकडे पाडलेले असतात, आणि शाळांच्या सुट्ट्यांचा मे महिना व दिवाळी नेमकी ग्राहकाने न घेतलेल्या रंगात पडते. वार्षिक देखभाल शुल्क, म्हणजे रिसॉर्टच्या निगराणीसाठी प्रत्येक सदस्याकडून घेतली जाणारी रक्कम, त्या वर्षी एकही रात्र राहिले नाही तरी द्यावे लागते आणि ते वाढवण्याचा अधिकार कंपनीकडे असतो. रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत, किंवा मोठी कपात होईल, असे कलम असते. आणि शेवटाकडे एक छोटेसे कलम असते की हा लेख म्हणजेच दोन्ही पक्षांमधील संपूर्ण करार असून त्याबाहेरचे कोणतेही निवेदन बंधनकारक नाही. दिवसभराच्या गोड बोलण्याला कायद्याच्या दृष्टीने पुसून टाकण्यासाठीच ते कलम तिथे बसवलेले असते.

या अंतराचा पत्ता ग्राहकाला बहुधा दोन-तीन दिवसांत लागतो. मार्गदर्शकाकडे तो येतो तो मात्र अनेकदा काही महिन्यांनी, पहिले आरक्षण नाकारले गेल्यावर किंवा देखभाल शुल्काचे बिल आल्यावर. मधला काळ कुठे गेला याचा शोध घेतला असता उत्तर कायद्यात सापडत नाही, ते घरात सापडते. शिकलेली, नोकरीधंद्यात मुरलेली माणसे आपण फसलो हे कबूल करायला कचरतात. नवरा-बायको दोघांनीही सही केलेली असल्याने दोघांपैकी कोणीच विषय काढत नाही. ‘भावजींना कळले तर काय म्हणतील’ ही चिंता गेलेल्या पैशांपेक्षा मोठी ठरते. शिवाय भीड असते ती वेगळीच. ‘मुलगा बोलायला फार चांगला होता, त्याची नोकरी जाईल’ हे वाक्य फसवल्या गेलेल्या माणसाच्या तोंडून ऐकताना नव्या कार्यकर्त्याला नवल वाटते, जुन्याला वाटत नाही, कारण विक्रीची सारी रचना त्या भिडेवरच उभी असते हे त्याने पाहिलेले असते. अशा माणसाला बुद्धीच्या कमतरतेचा दोष देणे चुकीचे तर आहेच, शिवाय कामाच्या दृष्टीने नुकसानीचे आहे. तो शरमेने अर्ध्या गोष्टी लपवू लागला की तक्रारीचा कणाच मोडतो.

म्हणून अनुभवी मार्गदर्शक पहिल्या भेटीत सल्ला देत नाही. तो पती आणि पत्नी दोघांना वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न विचारता, त्या बैठकीत काय काय सांगितले गेले ते आठवेल तसे लिहायला सांगतो. दोन्ही कागदांत जे वाक्य सारखे उमटते ते बहुधा खरोखर बोलले गेलेले असते, आणि तक्रारीत तेवढेच घ्यावे असा या कामातला संकेत आहे, कारण नऊ खऱ्या आरोपांमध्ये मिसळलेला एक फुगवलेला आरोप उलटतपासणीत उरलेल्या नवांनाही घेऊन बुडतो. त्यानंतर कागदपत्रे मागितली जातात: आमंत्रणाचा संदेश, भेटीचे व्हाउचर, कार्डाची पावती, करार, स्वागताचे पत्र, विक्रेत्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर झालेले बोलणे. या टप्प्यावर एक गोष्ट हमखास लक्षात येते. आमंत्रण एका नावाने आलेले असते, कार्डाच्या पावतीवर दुसरे नाव असते आणि करारावर तिसरे, कारण सभागृहातली विक्री बऱ्याचदा एखाद्या मध्यस्थ संस्थेने कमिशनवर केलेली असते. तिन्ही नावे टिपून ठेवली नाहीत तर पुढे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

कायद्याची बाजू वरवर वाटते तितकी लंगडी नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार करारातील संमती मुक्त असावी लागते. कलम १७ मध्ये कपटाची व्याख्या आहे, म्हणजे जे खरे नाही हे माहीत असूनही ते खरे असल्याचे सांगणे, महत्त्वाची वस्तुस्थिती हेतुपुरस्सर दडवणे, किंवा पाळायचेच नाही अशा हेतूने वचन देणे. कलम १८ मध्ये चुकीच्या निवेदनाची व्याख्या आहे, ज्यात सांगणाऱ्याला ते खरे वाटत असले तरी ते असत्य असते. या दोहोंपैकी कशानेही संमती मिळवलेली असेल तर कलम १९ प्रमाणे तो करार ‘शून्यकरणीय’ ठरतो, म्हणजे तो आपोआप संपत नाही, परंतु ज्याची फसवणूक झाली त्या पक्षाने ठरवल्यास तो रद्द करता येतो. येथे निवड ग्राहकाची असते, आणि निवड केली नाही तर करार चालूच राहतो, ही बाब सामान्य माणसाला सहसा ठाऊक नसते; ‘फसवून घेतलेली सही चालतच नाही’ अशा समजुतीत तो स्वस्थ बसतो आणि दरम्यान हप्ते जात राहतात.

याच कलम १९ ला एक अपवाद जोडलेला आहे आणि कंपन्यांचे बचावपत्र त्यावरच उभे असते. चुकीच्या निवेदनामुळे किंवा मौनामुळे संमती दिलेली असली, पण साधी काळजी घेऊन सत्य जाणून घेण्याचे साधन त्या पक्षाच्या हाताशी होते, तर करार रद्द करता येत नाही, असा तो अपवाद आहे. करार समोर होता, वाचायला कोणी अडवले नव्हते, हा युक्तिवाद तिथून येतो. त्याला उत्तर असे की हा अपवाद चुकीच्या निवेदनाला आणि मौनाला लागू आहे, जाणूनबुजून सांगितलेल्या असत्याला नाही. त्यामुळे तक्रार लिहिताना ‘आम्हाला नीट समजावले नाही’ असे मोघम वाक्य लिहिणे आणि ‘वार्षिक शुल्क कधीही लागणार नाही असे स्पष्ट सांगितले, जे सांगणाऱ्याला असत्य असल्याचे माहीत होते’ असे लिहिणे, यांत साऱ्या प्रकरणाचा निकाल बदलण्याइतका फरक पडतो. सौजन्यापोटी ग्राहक पहिले वाक्य लिहू पाहतो. दुसरे लिहायला लावणे हे मार्गदर्शकाचे काम.

‘संपूर्ण करार’ या कलमाचा अडथळाही अभेद्य नाही. लेखी दस्तऐवजातील अटींच्या विरुद्ध तोंडी पुरावा देता येत नाही हा नियम १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ९२ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. मात्र दस्तऐवजच अवैध ठरवणारी वस्तुस्थिती, उदाहरणार्थ कपट, सिद्ध करण्यासाठी तोंडी पुरावा देता येतो, हा त्याचा पहिलाच अपवाद आहे. अडचण राहते ती पुराव्याच्या वजनाची. येथे उपयोगी पडते ती एक साधी युक्ती, जी करार होऊन एक-दोन दिवसच झाले असतील तेव्हाच साधते: विक्रेता अजून गोड बोलत असतो, तेव्हा त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर साधा प्रश्न विचारावा की तुम्ही सांगितल्याप्रमाणे वार्षिक शुल्क नाही ना, आणि दिवाळीत खोली मिळेल ना. कमिशन हाती पडेपर्यंत तो बहुतेक वेळा ‘हो सर, काळजी करू नका’ असेच उत्तर देतो. या उत्तराचा केवळ स्क्रीनशॉट काढून भागत नाही, मूळ संदेश फोनमध्ये जपून ठेवावा लागतो, कारण इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून दाखल करताना नव्या अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.

करार रद्द करण्याचे पत्र हा या साऱ्या कामाचा गाभा आहे, आणि तेच पत्र सर्वांत जास्त वेळा चुकते. ग्राहक फोन करतो. ‘कस्टमर केअर’ त्याला तक्रार क्रमांक देते आणि सात दिवस थांबायला सांगते. सात दिवसांनी दुसरा माणूस नव्याने सगळे ऐकून घेतो. ग्राहकाने ई-मेल पाठवलाच तर त्यात विनंती असते, अडचणींचे वर्णन असते, मुलीच्या लग्नाचा किंवा आजारपणाचा उल्लेख असतो. वैयक्तिक कारण पुढे केले की कंपनी त्याला ‘सदस्याने स्वेच्छेने मागितलेले रद्दीकरण’ समजते आणि कपातीचे कलम लावते. पत्रात याचना नसावी. कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी, कोणती असत्य विधाने करून संमती मिळवली गेली ते सांगून, त्या कारणास्तव करार कायद्याच्या कलम १९ खाली हा करार रद्द केला आहे असे भूतकाळात कळवावे, भरलेली पूर्ण रक्कम परत मागावी, आणि मिळालेले व्हाउचर, कार्ड व स्वागतसंच परत करण्याची तयारी दाखवावी, कारण कलम ६४ नुसार करार रद्द करणाऱ्यालाही मिळालेला लाभ परत करावा लागतो. ई-मेल आणि स्पीड पोस्ट या दोन्ही मार्गांनी, कराराच्या पत्त्यावर आणि कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावर, ते पाठवावे व पोचल्याचा पुरावा जपून ठेवावा. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन केल्यामुळे जुन्या सवयीने ‘आरपीएडी’, म्हणजे पोचपावतीचे रजिस्टर टपाल, शोधत बसण्याचे आता कारण नाही.

पत्र गेल्यानंतर भेटीचे व्हाउचर वापरू नये, हे सांगावे लागते आणि ते लोकांना जड जाते. पैसे गेलेच आहेत तर निदान दोन रात्री राहून येऊ, हा विचार व्यवहारी वाटतो, पण फसवणूक कळल्यानंतर कराराचा लाभ घेणे म्हणजे करार मान्य करणे, असा अर्थ लावला जाऊ शकतो. भेटीविषयी आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी: ज्याची किंमत प्रत्यक्षात व्यवहाराच्या रकमेत धरलेली आहे ते मोफत दिल्याचा आभास निर्माण करणे, ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथांमध्ये गणलेली गोष्ट आहे, आणि न देण्याच्या हेतूने भेट देऊ करणेही. लकी ड्रॉची चिठ्ठी फाडून टाकू नये ती यासाठी.

पैशांचा मार्ग कसा होता यावर बरेच अवलंबून असते. क्रेडिट कार्डाने रक्कम भरली असेल तर बँकेकडे व्यवहार वादग्रस्त असल्याचे लेखी कळवता येते. त्याला ठरावीक मुदत असते आणि ती बँकेगणिक तपासावी लागते, म्हणून पहिले बिल येईपर्यंत थांबणे धोक्याचे. रक्कम मासिक हप्त्यांत बदललेली असेल तर बँक म्हणते की आम्ही कर्ज दिले, सेवेचा वाद तुमचा आणि कंपनीचा. सर्वांत वाईट स्थिती त्या ग्राहकाची, ज्याला सभागृहातच मोबाइलवरून कर्ज काढून दिलेले असते. डिजिटल कर्जातून ठरावीक दिवसांत दंडाविना बाहेर पडण्याची सोय रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये केली खरी, परंतु त्यासाठी मुद्दल परत करावे लागते, आणि मुद्दल तर थेट मेंबरशिप विकणाऱ्याच्या खात्यात गेलेले असते. रागाने हप्ते थांबवावेत असे प्रत्येकाला वाटते. तसे केल्यास पतगुणांक घसरतो आणि तो वाद कंपनीशी न राहता बँकेशी सुरू होतो, म्हणून हप्ते चालू ठेवून ती रक्कम नुकसानभरपाईत मागावी, असाच सल्ला जड अंतःकरणाने द्यावा लागतो.

पत्राला येणारी उत्तरेही ठरावीक असतात. आधी मौन, मग स्मरणपत्रानंतर एका ‘सीनियर’चा फोन, ज्यात परताव्याऐवजी दोन वर्षे जास्त, वरचा हंगाम, किंवा देखभाल शुल्कात सूट देऊ केली जाते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली असेल तर मोठ्या कंपन्या जरा लवकर हलतात. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, तरी तिथली नोंद पुढे उपयोगी पडते. पोलिसांकडे गेल्यास बहुतेक ठिकाणी ‘ही दिवाणी बाब आहे’ असे ऐकावे लागते. आणि याच सुमारास काही ग्राहकांना अनोळखी फोन येऊ लागतात की तुमची मेंबरशिप आम्ही विकून देतो, फक्त आधी प्रक्रिया शुल्क भरा. एकदा फसलेल्यांच्या याद्या बाजारात फिरतात की काय अशी शंका यावी, इतके हे फोन वेळेवर येतात.

मार्गदर्शकाची खरी कसोटी तडजोडीच्या प्रस्तावाशी लागते. कंपनी निम्मी किंवा त्याहून थोडी जास्त रक्कम परत करायला तयार होते, अट अशी की ग्राहकाने ‘पूर्ण व अंतिम समझोत्या’च्या कागदावर सही करून पुढे कोणतीही तक्रार न करण्याचे मान्य करावे. तत्त्वाने पाहता निम्म्यावर समाधान मानणे म्हणजे खोटे बोलण्याची निम्मी किंमत विक्रेत्याच्या खिशात राहू देणे होय, आणि तरुण कार्यकर्ते त्यामुळे अशा प्रस्तावाला विरोध करतात. परंतु जिल्हा ग्राहक आयोगाने साधारणतः तीन महिन्यांत तक्रार निकाली काढावी असे कायदा म्हणत असला तरी प्रत्यक्षात तारखा वर्षानुवर्षे पडतात, निकालानंतर अपील असते, अपिलानंतर वसुली असते, आणि तोवर सभागृहे भाड्याने घेऊन मेंबरशिप विकणारी छोटी कंपनी त्याच पत्त्यावर असेलच याची खात्री नसते. पैशांची निकड असलेल्या निवृत्त माणसाला तत्त्वासाठी लढायला लावण्याचा अधिकार कार्यकर्त्याला नाही. त्याने दोन्ही वाटांची किंमत मांडावी आणि निर्णय कुटुंबावर सोडावा, हे मत या कामात मुरलेल्यांचे असते आणि ते योग्य वाटते. फक्त दोन गोष्टींवर त्याने ठाम राहावे: प्रस्ताव फोनवर न स्वीकारता ई-मेलवर मागावा, आणि समझोत्यावर सही पैसे खात्यात जमा झाल्यावर किंवा निदान त्याच वेळी व्हावी. पुढच्या तारखांचे धनादेश घेतले आणि ते वटले नाहीत तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली नोटीस देण्यासाठी बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसच मिळतात.

तडजोड न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो, आणि त्याच्याविषयी असलेली भीती बऱ्याच अंशी अनाठायी आहे. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात करता येते, ५ लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क लागत नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे, आणि वकील असलाच पाहिजे असे नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. करारात ‘फक्त अमुक शहरातील न्यायालयांनाच अधिकार’ असे छापलेले असले तरी २०१९च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते, म्हणजे साताऱ्याच्या एखाद्या शिक्षिकेला दूरच्या महानगरात खेटे घालावे लागत नाहीत. वाद लवादाकडेच न्यावा लागेल हे कलमही आडवे येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात स्पष्ट केले आहे. आणि पायोनियर अर्बन विरुद्ध गोविंदन राघवन या २०१९च्या निकालात, सदनिकेच्या संदर्भात का होईना, एकतर्फी कलमे छापलेल्या करारावर सही केली म्हणून ग्राहक त्या कलमांनी बांधला जात नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

तरीही कायद्यात एक विचित्र पेच आहे. ‘अनुचित करार’, म्हणजे ग्राहकाच्या हक्कांत मोठा बदल करणारा, नुकसानीच्या मानाने अवास्तव दंड किंवा गैरवाजवी अटी लादणारा करार, ही संकल्पना २०१९च्या कायद्याने प्रथमच आणली, पण अशा कराराच्या अटी रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिला, जिल्हा आयोगाला दिला नाही. दीड-दोन लाखांच्या मेंबरशिपसाठी सोलापूर किंवा चंद्रपूरचा ग्राहक राज्य आयोगाकडे जाणार नाही, हे उघड आहे. त्यामुळे व्यवहारात तक्रार अनुचित व्यापारी प्रथा आणि सेवेतील त्रुटी या दोन आधारांवर बेतली जाते आणि अनुचित कराराचे कलम शोभेला राहते. ज्या तरतुदीची सर्वांत जास्त गरज लहान रकमेच्या ग्राहकाला आहे ती त्याच्या सर्वांत जवळच्या आयोगाच्या हाती नसावी, हा कायद्याच्या रचनेतला दोषच म्हणायला हवा.

मात्र मूळ उणीव याहून मोठी आहे. युरोपीय संघाने टाइमशेअरसाठी १९९४ मध्ये किमान १० दिवसांची आणि २००८च्या निर्देशाने, दीर्घ मुदतीच्या सुट्टी-करारांनाही सामावून घेत, १४ दिवसांची माघारीची मुदत ठरवली, म्हणजे या काळात कोणतेही कारण न देता करारातून बाहेर पडता येते; त्या काळात आगाऊ रक्कम घेण्यालाच मनाई केली, आणि माघारीचा नमुना-अर्ज ग्राहकाला दिला नाही तर मुदत एक वर्षाने वाढते अशी तजवीज केली. फसवणूक सिद्ध करण्याचा सारा भार त्यामुळे ग्राहकाच्या खांद्यावरून उतरला. भारतातही ही कल्पना अनोळखी नाही. विमा पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती नाकारता येते, आणि २०२१च्या थेट विक्री नियमांतही माघारीच्या मुदतीला जागा आहे. हॉटेलच्या सभागृहात एका दुपारी पंचवीस वर्षांसाठी विकल्या जाणाऱ्या मेंबरशिपला मात्र असे कायदेशीर संरक्षण नाही. काही कंपन्या स्वतःहून काही दिवसांची मुदत देतात, पण ती त्यांच्या करारातल्या एखाद्या पानावर असते आणि ते पान वाचले जाईपर्यंत उलटून गेलेली असते. म्हणून करार हाती येताच सर्वांत आधी शोधायचे ते हेच कलम.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतील १३ फसव्या क्लृप्त्यांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि त्यांत खोटी घाई निर्माण करणे ही क्लृप्ती अगदी आरंभी आहे. पडद्यावर ‘फक्त आजच’ असे लिहिणे गैर ठरले असताना टेबलाशी बसून तेच सांगणे चालू राहावे याला काही तर्क नाही. अनुचित प्रथा रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १८ ने या प्राधिकरणाला आधीच दिलेला आहे. सभागृहातील विक्रीसाठी माघारीची सक्तीची मुदत आणि त्या मुदतीत रक्कम स्वीकारण्यास बंदी, एवढ्या दोन गोष्टींची मागणी ग्राहक संघटनांनी आपल्याकडे साठलेली प्रकरणे जोडून त्याच्यापुढे ठेवावी.